स्क्वूश : फोटो हलका करता करता शिकवणारे साधन

फोटो हलका करून देणारी संकेतस्थळे आणि मोबाइल ॲप पुष्कळ आहेत आणि त्यांतील बहुतेकांची रीत एकच असते: फोटो द्यायचा, क्षणभर थांबायचे आणि लहान झालेली फाइल उतरवून घ्यायची. त्या क्षणभरात फोटोतून नेमके काय गेले हे वापरणाऱ्याला दिसत नाही, त्यामुळे कितीही फोटो हलके केले तरी तो पहिल्या दिवशी जेवढा अनभिज्ञ होता तेवढाच राहतो. गूगलच्या क्रोम लॅब्स या गटाने नोव्हेंबर २०१८ मध्ये खुले केलेले ‘स्क्वूश’ हे साधन या बाबतीत वेगळे आहे. ते फोटो हलका करतेच, पण तसे करताना मूळ फोटो आणि नवा फोटो एकाच पडद्यावर ठेवून निवाडा वापरणाऱ्याच्या डोळ्यांवर सोपवते. नाशिकमधील लहान दुकानदार, द्राक्ष बागायतदार, स्पर्धा परीक्षांचे उमेदवार आणि सोसायटीच्या सूचना फिरवणारे चिटणीस अशा निरनिराळ्या माणसांच्या फोटोंवर ते वापरून पाहिल्यानंतर माझे मत असे झाले आहे, की रोजच्या घाऊक कामाला ते अपुरे पडते, मात्र हे काम समजून घेण्यासाठी याहून चांगली शिकवणी मला तरी माहीत नाही.

ब्राउझरमध्ये स्क्वूश डॉट ॲप हा पत्ता लिहिला की ते उघडते. खाते काढावे लागत नाही, पैसे पडत नाहीत, जाहिराती नाहीत आणि तयार फोटोच्या कोपऱ्यात कोणाचे नाव उमटत नाही. साधन मुक्तस्रोत आहे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी, की फोटो कुठल्याही सर्व्हरवर चढवला जात नाही. वेबअसेम्ब्ली या तंत्राच्या आधाराने सारी आकडेमोड आपल्याच फोनवर किंवा संगणकावर होते. आधार कार्ड, गुणपत्रिका, स्वाक्षरी, लहान मुलांचे फोटो अशा गोष्टी अनोळखी संकेतस्थळाच्या हवाली करून त्या नंतर खरोखर पुसल्या गेल्या की नाही याची चिंता करण्याचा प्रश्न येथे उद्भवत नाही. याच रचनेचा दुसरा फायदा म्हणजे एकदा उघडून वापरलेले स्क्वूश पुढे इंटरनेट नसतानाही चालते, आणि मोबाइलची रेंज तुटक असलेल्या पेठ-सुरगाण्याकडे जाणाऱ्यांना हा फायदा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

फोटो आत टाकला की पडद्याचे दोन भाग होतात. संगणकावर डावीकडे मूळ फोटो आणि उजवीकडे नवा फोटो असतो, तर मोबाइलच्या अरुंद पडद्यावर हेच दोन भाग वर आणि खाली येतात. मधली रेघ बोटाने सरकवता येते, त्यामुळे फोटोचा एकच तुकडा आधी मूळ रूपात आणि लगेच नव्या रूपात पाहता येतो. दोन्ही बाजूंना फाइलचे वजन दिसते आणि नव्या बाजूला ते किती टक्क्यांनी घटले हेही दिसते. दोन्ही बाजूंना दोन वेगळ्या पद्धती लावून त्यांची आपसांत तुलना करण्याचीही सोय आहे. फोटो मोठा करून पाहण्याची खूण खाली आहे आणि शिकणाऱ्याने तिचा उपयोग जरूर करावा, पण निर्णय मात्र फोटो शंभर टक्के मापावर आणून घ्यावा. आठपट मोठा करून पाहिल्यास प्रत्येक फोटो खराबच दिसतो आणि मग माणूस भीतीपोटी फाइल उगाच जड ठेवतो.

पहिला धडा मापांचा आहे आणि तोच बहुतेक जण गाळतात. आजच्या साध्या फोनने काढलेला १२ मेगापिक्सेलचा फोटो सुमारे ४००० × ३००० पिक्सेलचा असतो, म्हणजे त्यात १ कोटी २० लाख ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी तीन बाइट धरल्या तर कच्च्या रूपात हा फोटो ३६ एमबीचा होतो. फोनने तो आधीच जेपेग या फोटो साठवण्याच्या पद्धतीत बसवलेला असल्याने आपल्याला तो तीन ते पाच एमबीचा दिसतो. संकेतस्थळावर किंवा फोनच्या पडद्यावर पाहायचा असेल तर १६०० × १२०० पिक्सेल बहुतेक वेळा पुरेसे होतात आणि त्यात ठिपके उरतात फक्त १९ लाख २० हजार, म्हणजे मूळच्या सहाव्या हिश्श्याहूनही कमी. यात डोळ्याला जाणवणारे असे जवळजवळ काहीच जात नाही, कारण ते जादा ठिपके पडद्यावर कधी दिसणारच नव्हते. याउलट मापे तशीच ठेवून केवळ दर्जाचा, म्हणजे फोटो किती दाबायचा ते ठरवणारा, आकडा खाली ओढत नेला, तर फाइल तेवढीच हलकी होईपर्यंत फोटोची पार रया जाते. म्हणून आधी मापे आणि मगच कॉम्प्रेशन म्हणजे दाबणे, हा क्रम स्क्वूशच्या पडद्यावरही दिसतो: संपादनाच्या पट्टीत मापे बदलण्याची सोय वर आहे आणि दाबण्याचे पर्याय तिच्या खाली.

मापे बदलण्याच्या चौकटीत गणिताच्या पद्धतींची एक यादी येते. तिच्यात आधीपासून निवडलेली लँक्झोस ही पद्धत फोटो लहान करण्यासाठी उत्तम असल्याने नवशिक्याने त्या यादीत शिरण्याचे कारण नाही. लांबी-रुंदीचे प्रमाण कायम राखण्याची खूणही आधीच लावलेली असते. ती काढून टाकण्याची वेळ येते ती मुख्यतः परीक्षांच्या अर्जांमुळे, आणि अभ्यासिकांनी भरलेल्या या शहरात हा विषय थोडा विस्ताराने पाहणे योग्य ठरेल.

बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनांमध्ये फोटोसाठी २०० × २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी, तर स्वाक्षरीसाठी १४० × ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी असे आकडे दिलेले असतात. फोनने उभा काढलेला फोटो सहसा तीनास चार या प्रमाणात असतो आणि २०० × २३० ची चौकट त्याहून रुंद आहे. प्रमाणाची खूण काढून हे आकडे सरळ भरले, तर ‘स्ट्रेच’ या पर्यायामुळे उमेदवाराचा चेहरा आडवा ताणला जातो. कॉलेज रोडच्या आसपासच्या सायबर कॅफेंमधून छापून निघणाऱ्या अर्जांवर असे गोल गरगरीत झालेले चेहरे पुष्कळदा दिसतात. ‘कंटेन’ हा पर्याय निवडला तर चेहरा ताणला न जाता वरचा आणि खालचा भाग सारखा कापला जातो. मात्र डोके फोटोच्या वरच्या कडेला टेकलेले असेल तर केसांवर कात्री चालते. हवा तो भाग चौकटीत धरून कापण्याची सोय स्क्वूशमध्ये नाही, आणि एवढ्या विचारपूर्वक बांधलेल्या साधनात ही उणीव खटकते. फोटो आधी फोनच्या गॅलरीत नीट कापून घ्यावा आणि मगच येथे आणावा.

या अर्जांमध्ये आणखी एक अडचण दडलेली आहे. वरची मर्यादा सर्वांच्या लक्षात राहते, खालची कोणी पाहत नाही. २०० × २३० पिक्सेलमध्ये जेमतेम ४६ हजार ठिपके असतात, त्यामुळे ७५ या नेहमीच्या दर्जावर असा फोटो बहुधा १० केबीच्या आसपास येतो आणि २० केबीची खालची मर्यादा ओलांडू न शकल्याने नाकारला जातो. अशा वेळी फाइल आणखी दाबायची नसून दर्जाचा आकडा ९५ च्या पुढे न्यायचा असतो. ‘मला ४५ केबीची फाइल हवी’ असे स्क्वूशला थेट सांगता येत नाही. सरकपट्टी हलवत खालचे वजन पाहावे लागते. इमेजमॅजिकसारख्या साधनाला ही कमाल मर्यादा आधीच सांगता येते, पण त्यासाठी आज्ञा टंकित कराव्या लागतात आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी ते शिकण्याइतके स्वास्थ्य कोणाला असत नाही. दुसऱ्या बाजूने पाहिले तर दोन-चारदा सरकपट्टी हलवली की दर्जा आणि वजन यांचे नाते ध्यानात बसते, आणि पुढच्या अर्जाच्या वेळी हात आपोआप योग्य ठिकाणी जातो.

दर्जाच्या या आकड्याविषयी मोठा गैरसमज आहे. ७५ म्हणजे फोटोचा ७५ टक्के भाग शिल्लक राहिला असे नसते. तो केवळ एका सरकपट्टीवरचा क्रमांक आहे आणि प्रत्येक पद्धतीची सरकपट्टी निराळी आहे. १९९२ साली प्रमाणित झालेली जेपेग ही पद्धत फोटोचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन करते, प्रत्येक चौकोनातील चढउतार गणिताने वेगळे काढते आणि डोळ्याला कमी जाणवणारे बारीक चढउतार ढोबळ आकड्यांत बदलते किंवा सोडून देते. दर्जाचा क्रमांक म्हणजे हा ढोबळपणा किती चालवून घ्यायचा याची परवानगी. सोडून दिलेली गोष्ट परत मिळत नाही, म्हणून एकदा हलका केलेला फोटो पुन्हा उघडून आणखी हलका करण्याऐवजी दर वेळी मूळ फोटोपासूनच सुरुवात करावी लागते. स्क्वूश जेपेगसाठी मॉझिलाने २०१४ साली पुढे आणलेली मॉझजेपेग ही प्रणाली वापरते. तिची फाइल साधारण तेवढ्याच दर्जाला नेहमीच्या जेपेगपेक्षा हलकी असते आणि तरीही जुन्यातल्या जुन्या संगणकावर उघडते.

हे आठाचे चौकोन कुठे दिसतात आणि कुठे लपतात, हे पाहण्यासाठी नाशिकइतके सोयीचे गाव नाही. गर्दीच्या दिवशी रामकुंडावर काढलेला फोटो घ्यावा. माणसे, पायऱ्या, फुले, छत्र्या, पाण्यावरची चमक, सगळीकडे तपशीलच तपशील असल्याने दर्जा ५० वर आणला तरी चौकोन चटकन सापडत नाहीत. मात्र त्याच तपशिलामुळे फाइल हट्टाने जड राहते. आता जुन्या नाशकातील तांबट लेनमध्ये घासून ठेवलेल्या तांब्याच्या हंड्याचा फोटो घ्यावा. हंड्याच्या पोटावर उजेडाकडून सावलीकडे जाणारा रंग इतका हळुवार बदलतो, की तेथे ६० वर पोहोचतानाच पट्टे आणि चौकोन उमटू लागतात आणि गोल भांडे ठोकळ्यांचे बनल्यासारखे भासते. फाइल मात्र आधीच हलकी असते, त्यामुळे अशा फोटोला ८२ ते ८५ पर्यंत दर्जा दिला तरी वजनात फारसा फरक पडत नाही. अंजनेरीवरच्या पावसाळी धुक्याचे आणि मोकळ्या आभाळाचे वागणे हंड्यासारखेच असते. थोडक्यात, सर्व फोटोंना एकच आकडा लावणारे दुकान कुठे विनाकारण दर्जा घालवते, तर कुठे विनाकारण वजन वाढवते, आणि हे पुस्तकातून शिकण्यापेक्षा मधली रेघ सरकवत पाच मिनिटांत अधिक पक्के समजते.

येवल्याच्या पैठणीने मला या साधनाचा सर्वांत खोल कोपरा दाखवला. पैठणीचे फोटो ऑनलाइन टाकणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते, की पदरावरचे मोर आणि काठातील बारीक नक्षी प्रत्यक्षात आखीव असते, फोटोत मात्र लाल अंगाला लागून असलेली जर आणि हिरव्या मुनियांच्या (विणलेल्या पोपटांच्या) कडा विरघळल्यासारख्या दिसतात. दोष बहुधा फोनचा किंवा उजेडाचा मानला जातो. प्रत्यक्षात जेपेग आणखी एक काटकसर करते: माणसाचा डोळा उजेडाच्या फरकाला तीक्ष्ण आणि रंगाच्या फरकाला मंद असतो, म्हणून ती उजेडाची माहिती प्रत्येक ठिपक्याची ठेवते, पण रंगाची माहिती साधारणपणे चार ठिपक्यांत मिळून एकदाच ठेवते. चेहरा, डोंगर, रस्ता यांना या काटकसरीने काहीच होत नाही. भडक लाल आणि सोनेरी यांच्या सीमारेषेवर मात्र ती उघडी पडते, कारण तेथे रंगांतील फरक मोठा असतो.

स्क्वूशमध्ये मॉझजेपेगच्या प्रगत पर्यायांत ‘ऑटो सबसॅम्पल क्रोमा’ ही खूण आहे. ती काढून त्याखालची सरकपट्टी १ वर आणली, की रंगाची माहितीही प्रत्येक ठिपक्याची ठेवली जाते. फाइल काहीशी जड होते, पण मुनियांच्या चोची आणि नारळी काठाची टोके पुन्हा धारदार होतात. ज्या गिऱ्हाइकाला साडी हातात घेऊन पाहता येत नाही, त्याच्यापुढे काठच बोलत असतो, तेव्हा हे वाढलेले वजन पूर्णपणे सार्थ आहे. हा पर्याय देणारे सोपे, फुकट आणि मराठी माणसाच्या फोनवर लगेच चालणारे दुसरे साधन माझ्या पाहण्यात आलेले नाही.

लिपीचे प्रकरण आणखी वेगळे आहे. हळदीकुंकवाचे निमंत्रण, लग्नपत्रिका, पाणीपुरवठा बंद असल्याची सोसायटीची सूचना, अशी मजकुराची चित्रे जेपेगमध्ये दाबली की अक्षरांभोवती धुरकट ठिपक्यांची किनार उमटते, आणि देवनागरीला तिचा उपद्रव अधिक होतो. शिरोरेषेखाली अक्षरांची दाटी असते, अनुस्वार आणि रफार मुळातच इवलेसे असतात. किनारीच्या ठिपक्यांत ते मिसळून गेले की वाचणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो. अशा चित्रांसाठी १९९६ पासून प्रचलित असलेली पीएनजी ही पद्धत योग्य, कारण ती काहीही टाकून देत नाही. तिची फाइल जड होते असा आक्षेप असतो आणि फोटोच्या बाबतीत तो खराही आहे. पण स्क्वूशमध्ये ‘रिड्यूस पॅलेट’ची खूण लावून रंगांची संख्या २५६ वरून १६ किंवा ३२ वर आणली आणि पुढे ऑक्सिपीएनजी हा पीएनजीचा पर्याय निवडला, तर साध्या रंगांतील सूचना किंवा पत्रिका पुष्कळ हलकी होते आणि अक्षर न् अक्षर टोकदार राहते. पत्रिकेत गणपतीचे रंगीत चित्र किंवा वधूवरांचा फोटो असेल तर मात्र इतक्या थोड्या रंगांत तो ठिपकेदार दिसतो. तेथे संख्या वाढवावी किंवा ८५ च्या पुढचे जेपेग पत्करावे.

वेबपी आणि एव्हिफ या नव्या पद्धतींचे पर्यायही यादीत आहेत. गूगलने २०१० साली आणलेली वेबपी आणि २०१९ मध्ये निश्चित झालेली एव्हिफ या दोन्ही बहुधा जेपेगपेक्षा कमी वजनात तेवढाच चांगला फोटो देतात, आणि आजचे प्रमुख ब्राउझर त्या दाखवतात. स्वतःचे संकेतस्थळ असलेल्या हॉटेलने किंवा वायनरीने वेबपी जरूर वापरावी. एव्हिफ तयार व्हायला वेळ लागतो आणि जुन्या फोनवर हा वेळ चांगलाच जाणवतो. अर्ज भरण्यासाठी, छपाईसाठी आणि दुसऱ्याला पाठवण्यासाठी मात्र जेपेगच ठेवावे; बहुतेक सरकारी अर्ज दुसरे काही स्वीकारतच नाहीत.

काही फोटो हलके करूच नयेत, हेही या साधनाने चांगले दाखवून दिले. निफाड-दिंडोरीकडचे द्राक्ष बागायतदार वेलीच्या पानाचा फोटो सल्लागाराला पाठवून डाऊनी आहे की भुरी (वेलीवरचे दोन बुरशीजन्य रोग), असे विचारतात. डाऊनीचे पहिले लक्षण म्हणजे पानाच्या वरच्या बाजूला पिवळसर, तेलकट भासणारे डाग. आजूबाजूच्या हिरव्या रंगाशी त्यांचा फरक अगदी मंद असतो आणि मंद फरक पुसणे हेच तर जेपेगचे काम आहे. त्याच पानाचा फोटो स्क्वूशमध्ये ४० दर्जावर नेऊन रेघ सरकवली, तर डागाची कड कशी हरवते ते लख्ख दिसते. अशा वेळी पूर्ण वेलीचा फोटो दाबून पाठवण्यापेक्षा एका पानापुरता भाग कापून मूळ दर्जात पाठवणे श्रेयस्कर, आणि पानाच्या खालच्या बाजूचा दुसरा फोटो सोबत जोडावा, कारण डाऊनीची पांढरी बुरशी तिकडेच असते.

हे फोटो जातात व्हॉट्सॲपवरून, आणि व्हॉट्सॲप फोटो स्वतःच लहान करते. ऑगस्ट २०२३ पासून त्यात एचडीचा पर्याय आला असला तरी दाबणे पूर्णपणे टळत नाही. फाइल जशीच्या तशी पोहोचवायची असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी लागते. यातून निघणारा व्यवहारी निष्कर्ष असा, की साध्या रीतीने व्हॉट्सॲपवर टाकायचा फोटो आधी ६० दर्जावर दाबू नये. तो तेथे पुन्हा दाबला जातो आणि दोन वेळच्या ढोबळपणाची बेरीज होते. फक्त मापे कमी करावीत आणि दर्जा ९० च्या आसपास ठेवावा.

स्क्वूशमधून बाहेर पडणाऱ्या फाइलमध्ये कॅमेऱ्याने नोंदवलेली माहिती राहत नाही. फोनमध्ये स्थळाची नोंद सुरू असेल तर प्रत्येक फोटोत अक्षांश-रेखांश लिहिलेले असतात, आणि गंगापूर रोडवरील भाड्याच्या खोलीची जाहिरात टाकणाऱ्याला किंवा घरातल्या दागिन्यांचे फोटो विक्रीसाठी लावणाऱ्याला ते पुसले जाणे हिताचेच आहे. व्यावसायिक छायाचित्रकारांनी मात्र सावध असावे, कारण त्यांनी फाइलमध्ये नोंदवलेले स्वतःचे नाव आणि हक्काची ओळही त्याबरोबर जाते आणि ती राखण्याचा पर्याय येथे दिलेला नाही.

उणिवांकडे वळायचे तर साधनाचा सारा पडदा इंग्रजीत आहे आणि प्रगत पर्यायांची नावे इंग्रजी जाणणाऱ्यालाही चक्रावून टाकणारी आहेत. ‘पॉइंटलेस स्पेक कम्प्लायन्स’, म्हणजे प्रमाणाचे निरर्थक पालन, असे नाव एका खुणेला देऊन रचनाकारांनी आपापसांतला विनोद साधला असेल, पण शिकणाऱ्याला ती खूण लावावी की नाही याचा त्यातून काहीच बोध होत नाही. (लावू नये.) कुठल्याही पर्यायापाशी दोन ओळींचे स्पष्टीकरण मिळत नाही, आणि शिकवण्याची एवढी क्षमता असलेल्या साधनाने शब्दांत काहीच शिकवू नये हे विचित्र वाटते. आयफोनवरील हेइक प्रकारचे फोटो क्रोममध्ये उघडत नाहीत. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमधील ‘फॉरमॅट्स’मध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडले, तर पुढचे फोटो जेपेगमध्ये निघतात. कमी मेमरीच्या फोनवर मोठ्या मेगापिक्सेलचे फोटो संथपणे चालतात, त्याला फारसा इलाज नाही.

सर्वांत मोठी मर्यादा म्हणजे एका वेळी एकच फोटो. दोनशे साड्यांचे दुकान किंवा दोन दिवसांचे लग्न यांच्यासाठी ही अट अशक्यच आहे, आणि स्क्वूशची आज्ञांवर चालणारी जी आवृत्ती घाऊक काम करू शकत होती तिची देखभाल थांबवण्यात आली आहे. अशा कामासाठी विंडोजवर इर्फानव्ह्यू किंवा कुठल्याही संगणकावर चालणारे एक्सएनकन्व्हर्ट घ्यावे. दोन्ही घरगुती वापरासाठी विनामूल्य आहेत आणि पूर्ण फोल्डर एकदम उरकतात. मात्र त्यांत थेट उडी घेण्याआधी आपल्या मालातील सर्वांत अवघड असे तीन-चार फोटो निवडावेत, जसे की एक गडद लाल साडी, एक फिकट साडी आणि एक भरजरी पदर, आणि स्क्वूशमध्ये त्यांच्यासाठी मापे, दर्जा आणि रंगाचा पर्याय ठरवून घ्यावा. मापे आणि रंगाचा पर्याय घाऊक साधनात तसाच नेता येतो. दर्जाचा क्रमांक तसा नेता येत नाही, कारण तेथील जेपेगची प्रणाली वेगळी असू शकते. तेव्हा तेच तीन-चार फोटो तेथेही हलके करून पाहावेत, तयार फाइल स्क्वूशमधील फाइलशेजारी ठेवावी आणि काठ दोन्हींत सारखे दिसू लागतील त्या क्रमांकावर उरलेले फोल्डर सोडावे.